वडिलांना पार्किन्सन्स, वीस वर्षं तणनाशकाची फवारणी: भरपाईचा दावा होऊ शकतो का?

शिरोळ तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे. वडील ६४ वर्षांचे. स्वतःचा दीड एकर ऊस, शिवाय २००० सालापासून जवळपास वीस वर्षं गावात रोजाने औषध मारायला जायचे. पाठीवर पंप, अंगात बनियन, पाय अनवाणी. तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पार्किन्सन्सचं निदान केलं. आता मोबाईलवर अमेरिकेतल्या तणनाशकाच्या दाव्यांचे व्हिडिओ येतात. गावात एक जण ‘अमेरिकेतून भरपाई मिळवून देतो’ म्हणून आधार कार्ड, दवाखान्याची कागदपत्रं आणि माणशी तीन हजार रुपये गोळा करतोय. पैसे भरावेत का? इथे काही दावा करता येतो का?

पैसे भरू नका. कागदपत्रांची मूळ प्रत तर अजिबात देऊ नका, आणि दिली असेल तर आजच जाऊन परत घ्या. तुमच्या वडिलांच्या प्रकरणात त्या कागदांनाच किंमत आहे, ते हातचे गेले तर पुढचं सगळं बोलणं फुकट आहे.

कोल्हापूरच्या कोर्टात कामगार भरपाई आणि ग्राहक तक्रारी चालवत मला सव्वीस वर्षं झाली. औषध मारताना विषबाधा झालेल्या माणसांची प्रकरणं त्यात बरीच होती. त्यामुळे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न हातकणंगले, कागल, करवीरमधूनही येऊ लागला आहे.

आधी अमेरिकेचं. तिथले दावे पॅराक्वाट या तणनाशकाबद्दल आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आलं. आपल्याकडे जुनी माणसं त्याला ‘ग्रामोक्झोन’ याच नावाने ओळखतात, डबा कुठल्याही कंपनीचा असो. पार्किन्सन्स झालेल्या हजारो शेतकऱ्यांनी आणि फवारणी करणाऱ्यांनी सिंजेंटा आणि शेवरॉन या कंपन्यांवर दावे केले. २०२१ मध्ये फेडरल कोर्टातले दावे इलिनॉयमधल्या एका न्यायाधीशांसमोर एकत्र आणले गेले. एप्रिल २०२४ मध्ये तिथे मोठा धक्का बसला. शेतकऱ्यांच्या बाजूचे मुख्य तज्ज्ञ, कॉर्नेल विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ, यांची साक्ष कोर्टाने स्वीकारली नाही. कोणते अभ्यास धरले आणि कोणते सोडले याचं समाधानकारक कारण त्यांना देता आलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. सुनावणीसाठी आधी निवडलेली प्रकरणं त्यामुळे निकालात निघाली. वर्षभराने, एप्रिल २०२५ मध्ये, दोन्ही बाजूंनी तडजोडीच्या मसुद्यावर सहमती झाल्याचं जाहीर केलं. या औषधामुळे पार्किन्सन्स होतो हे कंपन्यांनी कधीही मान्य केलेलं नाही.

ही तडजोड तिथल्या कोर्टात तिथल्या वकिलांमार्फत दावे दाखल केलेल्या माणसांची आहे. शिरोळच्या शेतात, भारतात विकलेला डबा वापरलेल्या माणसाचं नाव त्यात घुसवता येत नाही. आपल्या लोकांना याचा जुना अनुभव आहे. भोपाळच्या वायुपीडितांचे दावे अमेरिकेत गेले होते. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी ‘हे प्रकरण भारतातच चालवा’ म्हणून ते परत पाठवले. भोपाळची ही गत, तर गावातल्या एजंटाच्या तीन हजारांनी काय होणार? आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतात वकिलाला ‘मिळालेल्या भरपाईत अमुक टक्के माझे’ असा करार करता येत नाही आणि जाहिरात करून पक्षकार गोळा करता येत नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांत दोन्ही गोष्टींना मनाई आहे. असं कोणी करत असेल तर तो वकील नाही, किंवा वकील असून नियम मोडतोय.

आता तुमच्या वडिलांकडे येऊ. त्यांनी नेमकं काय मारलं, इथपासून सुरुवात करावी लागेल.

‘तणनाशक’ हा एकच पदार्थ नाही. आपल्या उसात ॲट्राझिन, मेट्रीब्युझिन, २,४-डी सर्रास चालतं. बांधावर आणि पडीक रानात ग्लायफोसेट. सरीतलं उभं तण जाळायला पॅराक्वाट, नोझलला प्लॅस्टिकची टोपी लावून, उसावर उडू नये म्हणून. व्हिडिओंमध्ये या सगळ्याची खिचडी केलेली असते. ग्लायफोसेटचे अमेरिकेतले गाजलेले दावे कॅन्सरचे आहेत. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने शाळेच्या मैदानांवर फवारणी करणाऱ्या एका कर्मचाऱ्याला २८.९ कोटी डॉलर दिले आणि अपिलात ते २.०५ कोटींवर आले. तो निकाल लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचा होता, पार्किन्सन्सशी त्याचा संबंध नाही. तुमच्या वडिलांनी फक्त ग्लायफोसेट मारलं असेल, तर पार्किन्सन्सचा दावा उभा करणं फारच अवघड आहे.

वडिलांना औषधाचं नाव आठवणार नाही. विचारायचंही नाही. त्यांना एवढंच विचारा, ‘आबा, मारल्यावर तण कधी जळायचं?’ सकाळी मारलं आणि उन्हात संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी करपलं म्हणाले, तर बहुधा पॅराक्वाट. आठ-दहा दिवसांनी पिवळं पडून मुळासकट वाळायचं म्हणाले, तर ग्लायफोसेटसारखं काहीतरी. जळलेलं तण पंधरा-वीस दिवसांत परत फुटायचं का, हेही विचारा. पॅराक्वाट हिरवा भाग जाळतं, मुळापर्यंत जात नाही, म्हणून बहुवार्षिक तण पुन्हा वर येतं. चाळीस वर्षं शेतात राबलेला माणूस या प्रश्नांची उत्तरं चुकवत नाही, आणि कोर्टात उलटतपासणी झाली तरी हलत नाही.

मग डबा शोधा. हे मी गमतीने सांगत नाही. आपल्याकडे औषधाचा डबा कोणी टाकत नाही. धुऊन त्यात डिझेल ठेवतात, मोटारीच्या खोपीत ग्रीसचा डबा होतो, काही घरांत तर त्यातून रानात पाणी नेतात. पाणी नेत असाल तर आधी ते बंद करा. कागल तालुक्यातल्या एका प्रकरणात आम्हाला विहिरीजवळच्या खोपीत, पत्र्याखाली खोचलेला पाच लिटरचा कॅन सापडला. अर्धं लेबल सोललेलं होतं, पण उरलेल्या अर्ध्यावर पिवळा त्रिकोण, नोंदणी क्रमांक आणि बॅच नंबर शाबूत होता. तेवढ्यावर उत्पादक कोण ते ठरलं. असा कॅन सापडला तर धुऊ नका, पुसू नका. हातमोजे घालून जागच्या जागी चारी बाजूंनी फोटो काढा, दोन शेजाऱ्यांना दाखवा, पिशवीत बांधून ठेवा.

कंपनी कोणती हे का महत्त्वाचं? पॅराक्वाट भारतात एकच कंपनी विकत नाही. ‘कोणीतरी विकलं’ एवढ्यावर आपली कोर्टं कोणाला जबाबदार धरत नाहीत. वीस वर्षांत पाच ब्रँड वापरले असतील तर पाचही सांगावे लागतील, आणि प्रत्येक कंपनी बाकीच्या चौघांकडे बोट दाखवेल. यासाठी गावातल्या कृषी सेवा केंद्राची जुनी बिलं, सोसायटीच्या खात्यावर औषध उचललं असेल तर त्या नोंदी, आणि ज्यांच्याकडे वडील रोजाने जायचे त्या शेतकऱ्यांच्या वह्या पाहा. शेतकऱ्याची जमाखर्चाची वही हा फार मोलाचा पुरावा असतो. ‘औषध २ लि., मारणारा अमुक, २ रोज’ अशी एक ओळ मला दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त उपयोगाची आहे. सातबाऱ्यावरची पीक नोंद आणि कारखान्याच्या ऊस बिलाच्या पावत्या यांतून कोणत्या वर्षी किती ऊस होता हे सिद्ध होतं. फवारणीचं त्यावरून थेट सिद्ध होत नाही, पण वडिलांच्या सांगण्याला आधार मिळतो.

आता विज्ञान. इथे मी स्पष्ट बोलणार आहे, कारण खोटी आशा लावून दावा टाकणं हे तुमच्या वडिलांवर अन्याय करणं आहे.

पॅराक्वाटवर संशय यायला कारण आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बनावट अमली पदार्थ टोचून घेतलेल्या काही तरुणांना एकाएकी पार्किन्सन्ससारखी अवस्था आली. त्या पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ होती. शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या विषारी संयुगाची रचना पॅराक्वाटशी मिळतीजुळती आहे, हे लक्षात आल्यावर संशोधक तणनाशकांकडे वळले. पॅराक्वाट पेशीत गेल्यावर ऑक्सिजनपासून घातक रेणू तयार होत राहतात. मेंदूत डोपामिन (हालचालींना लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी, ज्या पार्किन्सन्समध्ये मरतात, असा मारा सहन करण्यात कमकुवत असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांचं नुकसान दिसलं आहे. माणसांबद्दल २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांचा एक अभ्यास आला. त्यात ११० रुग्णांची ३५८ निरोगी माणसांशी तुलना केली होती. पॅराक्वाट वापरलेल्यांमध्ये पार्किन्सन्सची शक्यता सुमारे अडीचपट आढळली.

पण त्याच शेतकऱ्यांच्या मोठ्या गटाचा पुढचा अभ्यास २०२० मध्ये आला, आणि त्यात सरसकट असा संबंध दिसला नाही. डोक्याला पूर्वी मार लागलेल्यांमध्ये मात्र तो जास्त दिसला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. उलट बाजूला, फ्रान्सने २०१२ पासून कीडनाशकांच्या संपर्कातल्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायजन्य आजार मानला आहे. तिथल्या शेतकऱ्याला कंपनीशी भांडावं लागत नाही. ठरावीक वर्षं संपर्क होता हे दाखवलं की विमा संस्थेकडून भरपाई सुरू होते. आपल्याला खरी गरज अशा तरतुदीची आहे, आणि ती आपल्याकडे नाही याचं मला मनापासून दुःख आहे.

कोर्टात याचा अर्थ असा की तुम्हाला दोन पायऱ्या चढाव्या लागतील. पहिली, पॅराक्वाटमुळे पार्किन्सन्स होऊ शकतो. दुसरी, तुमच्या वडिलांना तो त्याच्यामुळेच झाला. दिवाणी प्रकरणात ‘संशयातीत’ सिद्ध करायचं नसतं, ‘जास्त संभाव्य काय’ एवढं दाखवायचं असतं. तरीही दुसरी पायरी फार उंच आहे. कंपनीचा वकील वय काढेल, घराण्यातला आजार काढेल, विहिरीचं पाणी काढेल, वडिलांनी मारलेली बाकीची पन्नास औषधं काढेल.

आणि निदानही काढेल. इथे मी तुम्हाला एक काम आजच सांगतो. वडिलांना निदान होण्याआधीच्या चार-पाच वर्षांतल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या शोधा. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, डोकेदुखीसाठी फ्लुनारिझिन, आणि पित्ताच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, यांनी काही माणसांत हुबेहूब पार्किन्सन्ससारखी थरथर आणि ताठरपणा येतो. आपल्याकडे ‘गॅसची गोळी’ म्हणून ही औषधं वर्षानुवर्षं घेतली जातात. असं काही असेल तर ते लपवू नका, थेट तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. गोळी बंद करून माणूस सुधारला तर त्याहून मोठी भरपाई कोणतं कोर्ट देणार? आणि अशी गोळी नव्हतीच, लेव्होडोपाने, म्हणजे पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाने, फरक पडतो, एका बाजूने सुरुवात झाली होती, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर दाव्याचा पाया पक्का होतो.

डॉक्टरांना आणखी एक विनंती करा. केसपेपरवर व्यवसायाची हकीकत लिहायला सांगा. ‘शेतमजूर, सुमारे २० वर्षं पाठीवरच्या पंपाने तणनाशक फवारणी, संरक्षक साधनं नाहीत’ एवढं एक वाक्य. माझ्याकडे पूर्वी एक विषबाधेचं प्रकरण होतं. माणूस भर दुपारी फवारताना कोसळला होता. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डवर ‘अज्ञात विष’ एवढेच दोन शब्द. त्या दोन शब्दांनी आमची सहा वर्षं खाल्ली. त्याच्या बायकोने औषधाची बाटली पदरात गुंडाळून दवाखान्यात नेली होती, कोणी बघितलीच नाही. भरती रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. तुमच्या वडिलांचं निदान तीन वर्षांपूर्वीचं, म्हणजे जुने कागद रद्दीत जायची वेळ आलेली असू शकते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आता कायद्याचे रस्ते. तीन आहेत आणि तिन्हींत खड्डे आहेत.

रोजंदारीवर कामाला जात होते म्हणून लोक आधी कामगार भरपाईचा विचार करतात. १९२३ च्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांची यादी होती, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेसारखे आजार तीत आहेत. पॅराक्वाटमुळे होणारा पार्किन्सन्स नाही. यादीबाहेरच्या आजाराला भरपाई मिळवायची तर तो कामावरच्या विशिष्ट अपघाताचाच परिणाम आहे असं दाखवावं लागतं. वीस वर्षं थोडंथोडं अंगावर पडलेलं औषध या व्याख्येत बसवणं कठीण आहे. शिवाय हा दावा होणार कोणावर? ज्या शेजाऱ्याने रोज दिला त्याच्यावर, आणि तोही दोन एकरवालाच. माझं स्पष्ट मत आहे की हा रस्ता धरू नका. तो शेजारी तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. त्याला प्रतिवादी करून तुम्ही साक्षीदारही घालवाल आणि गावकीतलं नातंही.

दुसरा रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. जुलै २०२० पासून त्यात ‘उत्पादन दायित्व’ असं वेगळं प्रकरण आलं आहे. रचनेतला दोष, किंवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचा इशारा नसणं, यासाठी उत्पादकाला जबाबदार धरता येतं. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात ठामपणे सांगितलं आहे. वडिलांनी दुसऱ्याने विकत घेतलेलं औषध मारलं असलं, तरी खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही, आणि हा आकडा मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या किमतीवर मोजतात. तणनाशकाच्या डब्याची किंमत काय असते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

कंपनी म्हणेल, आमचं लेबल सरकारनेच मंजूर केलं आहे. म्हणेल, माहितीपत्रकात हातमोजे, मुखपट्टी, बूट सगळं लिहिलं होतं. याला उत्तर द्यायला पत्रक हातात हवं. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे डब्यासोबत हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेतलं पत्रक असायला हवं. ते काढून बघा. घडी घातलेला पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, चार भाषा दाटीवाटीने. चाळिशी ओलांडलेल्या शेतकऱ्याने उन्हात बांधावर उभं राहून ते वाचावं अशी अपेक्षा आहे. आणि त्यात असतं काय? तातडीच्या विषबाधेची लक्षणं. दीर्घकाळ थोडंथोडं अंगावर गेलं तर मेंदूच्या आजाराचा धोका असू शकतो, हा इशारा कुठे आहे, हा आपला प्रश्न. ‘पुरेसा इशारा’ या दोन शब्दांवरच हे प्रकरण लढायचं आहे.

दुकानदाराने मोठ्या डब्यातून बाटलीत सुटं ओतून दिलं असेल, तर तो मुद्दा वेगळा आणि जोरकस आहे. पत्रक गिऱ्हाइकापर्यंत पोचलंच नाही, त्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. पण कायद्यातला एक अपवादही वाचून ठेवा. मालकाने कामाच्या ठिकाणी वापरायला वस्तू घेतली आणि उत्पादकाने मालकाला इशारा दिला होता, तर कंपनी त्याआड लपू शकते. म्हणून वडिलांनी स्वतःच्या दीड एकरासाठी स्वतः आणलेलं औषध केंद्रस्थानी ठेवायचं, रोजाचं काम त्याच्या जोडीला. फवारताना दारू प्यायले होते का, हेही कंपनीचे वकील विचारतील. खरं तेच सांगा.

मुदतीची अडचण मोठी आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षं. निदान तीन वर्षांपूर्वीचं. म्हणजे उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागेल, आणि आजाराचा संबंध तणनाशकाशी असू शकतो हे आपल्याला कधी कळलं, ते तारखेसह सांगावं लागेल. पहिला व्हिडिओ कधी पाहिला, डॉक्टरांशी याबद्दल पहिल्यांदा कधी बोललात, हे आजच लिहून ठेवा. वडिलांनी बहुतेक फवारणी जुन्या कायद्याच्या काळात केली, म्हणून नवं प्रकरण लागू होत नाही, असाही आक्षेप येईल. निदान नव्या कायद्यानंतरचं आहे, हे आपलं उत्तर.

तिसरा रस्ता दिवाणी दाव्याचा. मुदत तीन वर्षं, म्हणजे तुमच्याकडे कदाचित काहीच आठवडे उरले असतील. निदानाच्या पहिल्या कागदावरची तारीख बघा आणि ती वकिलाला फोनवर लगेच सांगा. इथे कोर्ट फी लागते, वेळ जास्त लागतो, पण साक्षीपुरावा खोलात घेता येतो, आणि अशा शास्त्रीय वादाला ते लागतं. ग्राहक आयोग कित्येकदा ‘गुंतागुंतीचा पुरावा आहे, दिवाणी कोर्टात जा’ म्हणून तक्रार परत करतो. पूर्वी वरच्या कोर्टाचं नाव निघालं की माणसं मुंबईच्या हेलपाट्यांच्या भीतीनेच गप्प बसायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, तेवढा एक अडसर दूर झाला.

एक कटू गोष्ट सांगणं भाग आहे. शारीरिक इजेच्या भरपाईचा हक्क साधारणपणे माणसाबरोबर संपतो. दावा चालू असताना वडील दुसऱ्याच कारणाने गेले, तर त्यांच्या यातनांची भरपाई वारसांना पुढे चालवता येत नाही. झालेल्या खर्चासारख्या नुकसानीपुरतं काही उरतं. आजारानेच मृत्यू आला तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारस दावा करू शकतात, मृत्यूपासून दोन वर्षांत. म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ इथे चालत नाही.

शेतकरी अपघात योजनेचंही कोणी तुम्हाला सुचवेल. गोपीनाथ मुंडे योजनेत औषध हाताळताना झालेल्या विषबाधेला अनुदान आहे, पण ते अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वाला. सावकाश आलेल्या पार्किन्सन्सला ते मिळत नाही.

मिळू शकतं ते वेगळंच, आणि ते दाव्याच्या निकालावर अवलंबून नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. वडिलांचा दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज भरा आणि कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरलं तर सरकारी योजनांचा दरवाजा उघडतो. आणि दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज करायचा. तीन हजार रुपये एजंटाला देण्याऐवजी एसटीचं तिकीट काढून तिथे जा.

तुम्ही माझ्याकडे आलात तर मी दावा टाकीन का? कॅन किंवा बिल, निदानाची स्वच्छ कागदपत्रं आणि फवारणी पाहिलेले दोन साक्षीदार मिळाले तर टाकीन. निकाल आपल्या बाजूने लागेल असं वचन देणार नाही. आपल्याकडे ही वाट मळलेली नाही, आणि कोणीतरी पहिल्यांदा नीट कागद घेऊन तिच्यावरून जायला हवं. यातलं काहीच मिळालं नाही तर ओळखपत्र आणि उपचार यांवरच जोर द्या असं सांगेन.

वकिलाकडे येण्याआधीचं एक काम घरात बसून करता येईल. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होत जातो, पुढे शब्द नीट उमटत नाहीत. अक्षरही आक्रसतं. माझ्या एका पक्षकाराची वकीलपत्रावरची सही आणि दीड वर्षानंतर प्रतिज्ञापत्रावरची सही शेजारी ठेवली, तर दुसरी पहिलीच्या निम्म्यानेही नव्हती. बँकेने तर ती नाकारलीच. पुढे वडिलांना कोर्टात येणं जमलं नाही तर आयुक्त नेमून घरी जबाब नोंदवता येतो, पण तेव्हा त्यांना बोलता यायला हवं.

सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने त्यांचं बोलणं सगळ्यात मोकळं असतं, ते तुम्हाला माहीत असेलच. त्या वेळी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवा, जुना पंप शेजारी ठेवा, मोबाईल समोर धरा आणि बोलू द्या. कोणाच्या रानात मारलं, कोणत्या साली, पंपाला किती टोपणं टाकायचे, काठीने ढवळायचे की हाताने, टाकी कुठून गळायची. पाठ कुठे ओली व्हायची ते हात लावून दाखवायला सांगा. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचे का, हेही विचारा. मध्ये बोलू नका, उत्तर सुचवू नका. व्हिडिओ कापू नका, जसाच्या तसा ठेवा, तारखेसकट.